आमचा मेलेला मांत्रिक पैठणचाच हवा

मागच्या अंकात आम्ही चार ओळींची एक सूचना दिली होती. मोठ्या गटातले आम्ही काही जण वर्ग सुटल्यावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळतो आणि यापुढे तो मराठीतून खेळून पाहणार आहोत, एवढेच तिच्यात होते. त्या चार ओळींवर जेवढी चर्चा झाली तेवढी 'पावसाळ्यातील एक दिवस' या आमच्या निबंधांवर आजवर झाली नव्हती. (फिंतासमध्ये बसून तो निबंध लिहिणे हीसुद्धा काल्पनिक कथाच आहे, पण ते असो.) काही काका-काकूंनी विचारले, "मराठीच्या वर्गात मढी उठवायचे खेळ कशाला?" खेळणाऱ्यांतही दोन तट पडले. काहींचे म्हणणे, पुस्तकात जसे पात्र दिले आहे तसे घ्यावे, उगाच त्याला धोतर नेसवू नये. म्हणून हा लेख. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. खेळ खेळावा, त्यात मेलेला मांत्रिक असावा, पण तो पुस्तकातला 'लिच' नसावा. तो पैठणचा असावा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. यात पट नसला तरी चालतो. एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे आपापले पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात आणि अवघड काही करायचे झाले की वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्र तयार करणे हाच निम्मा खेळ आहे. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप अशा सहा गुणांना आकडे द्यायचे, मग तो योद्धा की जादूगार ते ठरवायचे, आणि मग सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे तो कोण, कुठला, त्याला हवे तरी काय, हे ठरवायचे.

आता 'लिच'. हा या खेळात १९७५ सालापासून आहे. शब्द जुन्या इंग्रजीतला, त्याचा अर्थ नुसता देह किंवा प्रेत. खेळातला लिच म्हणजे मरण टाळण्यासाठी स्वतःचा आत्मा एका पेटीत लपवून ठेवणारा मांत्रिक. देह सांगाड्यासारखा झाला तरी तो मरत नाही, कारण त्याचा जीव भलतीकडेच असतो. पेटी सापडली तरच तो संपतो. हे वाचून आमच्यातले अर्धे लोक थक्क झाले आणि अर्धे हसले. हसले ते ज्यांच्या आज्या गोष्टी सांगतात ते. सात समुद्रांपलीकडे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव, ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असा मराठी मुलगा शोधावा लागेल.

आणि ही काही नुसती 'आमच्याकडेही होते' अशी बढाई नव्हे. ती छापून आलेली आहे. बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने अ‍ॅना लिबेराटा डिसूझा या आपल्या आयेकडून ऐकलेल्या गोष्टी १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने लंडनला प्रसिद्ध केल्या. त्यात पंचकिन नावाच्या जादूगाराची गोष्ट आहे. त्याने एका राणीला बारा वर्षे कोंडून ठेवले आहे. तिचा मुलगा मोठा होऊन तिथे पोचतो, राणी गोड बोलून जादूगाराकडून त्याच्या मरणाचे रहस्य काढून घेते. दूरच्या रानात ताडांचे वर्तुळ, मध्ये एकावर एक पाण्याचे सहा घडे, सर्वांत खालच्या घड्याखाली पिंजरा आणि त्यात हिरवा राघू. मुलगा राघू घेऊन येतो. राघूचा पंख उपटला की जादूगाराचा हात गळून पडतो, मान पिरगळली की जादूगाराची मानही पिरगळते. फ्रेझर या स्कॉटिश पंडिताने १८९० साली 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात देहाबाहेर ठेवलेल्या जिवाच्या जगभरच्या गोष्टी गोळा केल्या, त्यांत ही आमची दख्खनची गोष्ट आहे. रशियातल्या कोश्चेईचा जीव सुईत, सुई अंड्यात, अंडे बदकात. म्हणजे लिचची पेटी ही सगळ्या जगाची मालमत्ता आहे. मग आम्ही ती परक्या नावाने उसनी का घ्यावी?

तरीही आम्ही पंचकिनला बाजूला ठेवतो. कारण तो दुष्ट आहे एवढेच आपल्याला कळते. त्याला हवे काय, तर राणी. एवढ्यावर वर्षभर खेळ चालत नाही. आमचा उमेदवार दुसरा आहे.

वेताळ पंचविशी सर्वांना माहीत असते, निदान 'चांदोबा'मुळे आमच्या आई-बाबांना आणि १९८५ च्या 'विक्रम और बेताल' या मालिकेमुळे त्यांच्या धाकट्या भावंडांना. पण त्या गोष्टीचा पत्ता कोणी विचारत नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला. त्यात ही गोष्ट उज्जैनची नाही. गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचे नगर आहे, तिथे त्रिविक्रमसेन नावाचा राजा आहे, असे तिथे लिहिले आहे. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. मढे खांद्यावर टाकून स्मशानातून चालणारा राजा आपल्या मराठवाड्यातला, हे आम्हांला वर्गात कोणी सांगितले असते तर आम्ही भूगोलाकडेही जरा प्रेमाने पाहिले असते.

आणि राजा तर नुसता हमाल! गोष्टीतला खरा मांत्रिक वेगळाच आहे. त्याचे नाव क्षांतिशील. हा भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. असे दहा वर्षे. राजा फळ खजिनदाराकडे देतो, तो ते भांडारात टाकून देतो. एके दिवशी माकड ते फळ चावते आणि आतून रत्न पडते. दहा वर्षांची रोजची रत्ने! मग राजा विचारतो, तुला हवे तरी काय? भिक्षू म्हणतो, अंधाऱ्या चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये आणि दक्षिणेकडच्या शिसवीच्या झाडावर लटकलेले प्रेत मला आणून दे. पुढचे सर्वांना पाठ आहे. प्रेतात वेताळ शिरलेला, तो वाटेत गोष्ट सांगून प्रश्न विचारतो, राजा बोलला की प्रेत परत झाडावर. चोविसाव्या प्रश्नाला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन खरा डाव फोडतो. भिक्षूला विद्याधरांचे राज्य हवे आहे आणि त्यासाठी तो राजाचाच बळी देणार आहे. शेवटी भिक्षू म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मला येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. भिक्षू आडवा होतो आणि राजा त्याचे मुंडके उडवतो.

गोष्ट इथे संपते, पण आमचे पात्र इथे सुरू होते. मुंडके उडालेला, दहा वर्षांची मेहनत शेवटच्या क्षणी वाया गेलेला, राजावर दात ठेवून असलेला मांत्रिक त्याच स्मशानात उठून बसतो. मानेभोवती शिवण. मंत्र निम्मे आठवतात, निम्मे नाहीत. ज्याने जन्मभर मढी उठवायची साधना केली तो स्वतःच मढे झाला. यापेक्षा चांगला नायक, किंवा खलनायक म्हणा, कुठल्या पुस्तकात मिळेल?

आता नियमांत हा कसा बसवायचा ते सांगतो, कारण तक्रार अशी होती की आपले पात्र घेतले की नियम मोडावे लागतात. एकही मोडावा लागत नाही. २०२१ च्या रेव्हनलॉफ्टच्या पुस्तकात 'रीबॉर्न' नावाचा वंश दिला आहे. मेल्यानंतर पुन्हा उठलेल्यांचा तो वंश. त्याला खावे-प्यावे, श्वास घ्यावा लागत नाही, झोप लागत नाही, विष फारसे बाधत नाही, आणि मरणाच्या दारात फासा टाकायची वेळ आली तर दोनदा टाकून बरा तो घेता येतो. शिवाय पूर्वायुष्यातले काही अचानक आठवून एखाद्या कामात सहा बाजूंचा जादा फासा मिळतो. पूर्वजन्मीचे ज्ञान मध्येच आठवणे हे आपल्या कथाकीर्तनांत इतके चालते, की ही सवलत कोणा मराठी माणसानेच सुचवली असावी अशी आम्हांला शंका आहे.

व्यवसाय विझार्डचा आणि शाखा प्रेतविद्येची. २०२४ च्या नव्या प्लेअर्स हँडबुकमध्ये ही शाखाच नाही, तिथे विझार्डच्या चारच शाखा ठेवल्या आहेत, म्हणून आम्ही २०१४ चे पुस्तक वापरतो. आकडे नेहमीचे घ्यावे: १५, १४, १३, १२, १०, ८. पंधरा बुद्धीला, त्यात वंशाचे दोन मिळवून सतरा. चौदा काटकपणाला. तेरा चपळाईला, त्यात एक मिळवून चौदा. पुष्कळ जण काटकपणा विसरतात आणि मग दुसऱ्याच लढाईत मांत्रिक आडवा होतो. विझार्डला अंगबळ मुळातच कमी, त्यात जखम झाली तर चालू असलेला मंत्र टिकतो की सुटतो हेही काटकपणावरच ठरते. बारा शहाणपणाला आणि दहा छापेला. दहा वर्षे दरबारात येऊनही राजाने ज्याची विचारपूस केली नाही, त्याची छाप ती किती असणार! ताकदीला आठच. भिक्षू काही पैलवान नव्हता. असता तर मढे स्वतःच उचलून आणले असते, राजाला कशाला बोलावले असते?

पहिल्या पायरीवर खोटी प्राणशक्ती देणारा मंत्र जरूर घ्यावा. घंटानादाचा छोटा मंत्र तर घ्यावाच, समोरचा आधीच जखमी असेल तर त्याला मोठा फासा मिळतो. दुसऱ्या पायरीपासून, मंत्राने शत्रू मेला की मांत्रिकाची थोडी शक्ती भरून येते. पाचव्या पायरीला तो मंत्र येतो ज्यासाठी सगळा खटाटोप, म्हणजे प्रेत उठवणे. उठवलेले प्रेत चोवीस तास ऐकते, नंतर मंत्र पुन्हा म्हणावा लागतो. सहाव्या पायरीला एका खेपेला दोन प्रेते उठतात आणि ती अधिक दणकटही होतात.

इथे एक सावधगिरी. सांगाड्यांची फौज कागदावर फार छान दिसते, पण खेळताना प्रत्येक सांगाड्याचा वेगळा फासा टाकावा लागतो. एकाचे सहा सांगाडे असले की बाकीच्यांनी तोवर चिवडा संपवावा. एका वेळी दोनच उठवायचे असे आमचे ठरले आहे, आणि ते सर्वांनी पाळावे असा आमचा आग्रह आहे.

पण दोनांवर थांबायचे कारण एवढेच नाही. पुस्तकातला मंत्र म्हणतो, मध्यम किंवा लहान आकाराच्या मानवसदृश प्राण्याचे प्रेत किंवा हाडांचा ढीग घ्या. बस्स. ते कोणाचे, कसे मेले, त्याला उठायचे आहे का, याबद्दल एक अक्षर नाही. लाकडाचा ढीग घ्या म्हणावे तसे. पूर्वी आम्हांला ते खटकले नसते. १२ जून २०२४ ला आपल्या शेजारी मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यात पंचेचाळीस भारतीय गेले आणि दोन दिवसांनी वायुसेनेच्या विमानाने त्यांचे देह कोचीला नेले. आमच्यातल्या कित्येकांच्या घरांतून त्या बाजूचे आकाश दिसते. त्या पंचेचाळीस जणांची घरे होती, कोणाचे कर्ज फिटायचे होते, कोणी सुट्टीवर जायचे होते. आता आमच्यापैकी कोणी 'मी प्रेत उठवतो' म्हणून फासा उचलला, की टेबलावर कोणीतरी विचारते, कोणाचे? हा प्रश्न खेळ बिघडवतो असे काहींना वाटते. आम्हांला वाटते, तो खेळाच्या नियमांतच असायला हवा.

आणि त्यासाठी नवीन काही शोधावे लागत नाही, ते आपल्याकडे आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे दिवस झाले आहेत त्यांनी दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिलेली असेल. कावळा शिवत नाही तेव्हा घरातले एकेक जण पुढे होऊन म्हणतो, धाकटीचे लग्न नीट करू, जमीन विकणार नाही, आईला सांभाळू. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखायचे आणि वचन द्यायचे. कावळ्याला खरोखर काही कळते की नाही, हा वाद इथे नको. पण जिवंत माणसे मेलेल्याचा विचार करीत उभी राहतात, ही गोष्ट आम्हांला त्या मंत्रापेक्षा मोठी वाटते. म्हणून आमचा नियम असा. क्षांतिशीलाला प्रेत उठवायचे असेल तर आधी त्याने त्याचे नाव आणि मरण सूत्रधाराला विचारायचे, त्याची राहिलेली इच्छा ओळखायची आणि ती पुरी करण्याचे वचन द्यायचे. बरोबर ओळखले तरच ते उठते. इच्छा पुरी झाली की ते आपोआप शांत होते. वचन मोडले तर चोवीस तासांची वाट न पाहता ते मांत्रिकावरच उलटते. ज्या माणसाने दहा वर्षे गोड बोलून राजाला फसवले, त्याला वचन पाळायला लावणे हीच त्याची खरी शिक्षा.

याच्या जोडीला दुसरा नियम. मेलेल्याशी बोलण्याचा एक मंत्र खेळात आहे, त्यात प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. पैठणच्या गोष्टीत नेमके उलटे आहे, तिथे प्रेत विचारते आणि जिवंत माणसाने उत्तर द्यायचे असते. आम्ही हे उलटे रूप घेणार आहोत. प्रश्न सूत्रधाराने विचारायचे, मराठीतून, आणि न्यायाचे असायचे: दोष कोणाचा, मान कोणाला, चूक कोणाची. दोन मिनिटांत उत्तर नाही दिले तर प्रेत परत झाडावर. तोंडी परीक्षेपेक्षा हे बरे, असे आमच्या बाईंचेही मत पडले.

बाकीच्या भुतांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. खेळासाठी मराठी भुतांची यादी करायला बसलो तेव्हा फार मजा वाटत होती. मुंजा, समंध, झोटिंग, गिऱ्हा, खवीस, जखीण, लावसट, हडळ, चकवा, बायंगी. इंग्रजी पुस्तकाच्या तोंडात मारील अशी यादी! (खवीस हा शब्द तर अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट, यावरून आलेला. तो कोकणात जाऊन भूत झाला आणि आता आमच्याबरोबर परत आखातात आला.) कोकणातल्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेल्या माहितीवरून १९१५ साली मुंबई सरकारच्या वेळी एक लोकसमजुतींचे पुस्तक निघाले, त्यात यांपैकी बरीच भुते सापडतात. पण नीट वाचले की मजा ओसरते. कोण कुठले भूत होते हे जातीवर आणि मरणावर ठरते. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी गेलेला ब्राह्मण मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. जिला वैद्य मिळाला नाही, सुईण वेळेवर आली नाही, ती मेल्यावर उलट्या पायांची होऊन लोकांना धरते म्हणे! आमच्या गटातल्या मुलींनी यावर ठाम सांगितले की तलवारीने मारायचा राक्षस म्हणून हडळ खेळात येणार नाही. आम्हां सर्वांचे आता तेच मत आहे. ती येईल तर नाव घेऊन येईल आणि तिची राहिलेली इच्छा काय, हे खेळणाऱ्याला शोधावे लागेल. बहुधा ते मूल कुठे आहे हीच.

वेताळाचेही तसेच. पुस्तकी गोष्टीत तो भूत आहे, पण वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा हा देव आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो आणि त्या झिजतात. गोव्यात आमोण्याला, पैंगीणला बेताळाची देवळे आहेत. आमच्या वर्गात त्या भागातली मुले आहेत. त्यांच्या देवाला अमुक इतके अंगबळ आणि अमुक इतके चिलखत असे आकडे लावून मारायला ठेवणे आम्हांला पटत नाही. या खेळाने १९७७ च्या राक्षसपोथीत आपल्या राक्षसाला वाघाचे तोंड लावले आणि पुढे त्याचे तळहात उलटे असतात असेही लिहून टाकले. पाय उलटे आम्ही ऐकले होते, हात कधी नाही! दुसऱ्यांनी असे केले म्हणून आपण आपल्याच देवाला तसे करावे असे नाही. वेताळ आमच्या खेळात प्रश्न विचारील. त्याला मारता येणार नाही.

आता पालकांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांचा मुख्य आक्षेप अंधश्रद्धेचा आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. महाराष्ट्रात मांत्रिक ही गंमत नाही. करणी, भानामती, गुप्तधन यांच्या नावाखाली माणसांना मारहाण झाली आहे, बळी गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. हे ठाऊक असूनही आम्ही मांत्रिक खेळणार, कारण भोंदू मांत्रिकाचा सगळा धंदा लपवण्यावर चालतो. आमच्या मांत्रिकाचे काहीच लपलेले नाही. त्याची बुद्धी सतरा आहे हे कागदावर लिहिलेले असते, फासा सर्वांसमोर पडतो आणि तीन पडले तर मंत्र फुकट जातो. दरमहा ज्याचे मंत्र फासे चुकल्यामुळे फसताना पाहिले, त्याच्यासारख्या कोणाला आम्ही मोठेपणी दक्षिणा देऊ असे वाटत नाही. अमेरिकेत १९८० नंतर अशीच भीती पसरली होती, की हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेमन आणि डेव्हिल हे शब्दच काढून टाकले. पुढे त्यांना आणखी विचित्र नावे मिळाली आणि मुलांनी तीही पाठ केली!

एक आक्षेप भाषेचा होता: "हे सगळे इंग्रजी शब्दांनी भरलेले, मराठी त्यात बुडेल." यावर पैठणचीच एक गोष्ट. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. पाणी उडवू नका या अर्थाने एक राणी संस्कृतात म्हणाली, "मोदकैः." म्हणजे मा अधिक उदकैः. राजाला संधी सोडवता आली नाही, त्याने मोदक मागवले. राणी हसली, राजाला लाज वाटली. त्याला संस्कृत शिकवण्यावरून दरबारात पैज लागली आणि गुणाढ्य ती हरला. पैजेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या. मग उरली पैशाची, म्हणजे पिशाच्चांची भाषा. तिच्यात त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही शाईऐवजी आपल्या रक्ताने. कथासरित्सागर त्याच कथेवरून रचला, असे सोमदेव म्हणतो. संधी न सुटल्याने हसे झालेला राजा पाहून आम्हांला बरे वाटले, कारण भारतात सुट्टीला गेलो की आमचेही असेच मोदक होतात. पण सांगायचे ते वेगळे. चांगली गोष्ट असली की ती कुठल्याही भाषेत, भुतांच्यासुद्धा, टिकते. आणि गोष्टच नसेल तर व्याकरणाची वही कोरी राहते, हे बाईंनी आमच्या वह्या पाहून ओळखलेच असेल.

शिवाय आमचा दुसरा गट आहे, इमारतीतल्या मित्रांचा. तिथे मल्याळी आहेत, फिलिपिनो आहेत, एक कुवेती आहे, आणि भाषा इंग्रजी. तिथे मल्याळी मुलाने यक्षी आणली तेव्हा तिचे भाषांतर केले नाही. फिलिपिनो मुलीने अस्वांग आणला, त्याचेही नाही. कुवेती मित्राने 'हमारत अल गायला' सांगितली, म्हणजे ऐन दुपारी मुलांना धरणारी गाढवीण, आणि आम्ही चाट पडलो. कारण टळटळीत दुपारी बाराला बाहेर पडू नको, भुते फिरतात, हे आमच्या आज्याही सांगतात. इथल्या जुलैत तर ते भुताशिवायही पटते. त्या टेबलावर फक्त आम्हीच 'लिच' म्हणत होतो. आता तिथेही क्षांतिशील जाणार आणि 'काकस्पर्श' हा शब्द जसाच्या तसा जाणार. अर्थ विचारला तर सांगू. सांगायला दहा मिनिटे लागतात, एकदा सांगून पाहिले आहे. ऐकणारे गप्प बसून ऐकतात.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर पहिला मराठी डाव आहे. जागा सहाच, नावे वर्गाच्या फळ्यावर लिहावीत. फासे आमच्याकडे आहेत, पेन्सिल आणि खोडरबर आपापले आणावे. पालकांपैकी कोणाला शेजारी बसून पाहायचे असेल तर जरूर यावे, मात्र वेताळाच्या प्रश्नांची उत्तरे खेळणाऱ्यांना हळूच सांगू नयेत. क्षांतिशीलाने आपला जीव कुठल्या राघूत ठेवला आहे, हे फक्त सूत्रधाराला माहीत आहे. ते या अंकात छापावे असा एका सभासदाने आग्रह धरला होता, तो नामंजूर करण्यात आला आहे.